रक्ताचा पैरा

आमच्या गावच्या पुरुषांना मिशा भरपूर. चौघं मिळून उंब्रजच्या बाजाराला निघाले की वाटतं पलटणच चालली. तालमीत जोर काढतात, म्हशीखाली बसून धारोष्ण दूध पितात, आणि चावडीवर टेकले की बोलणं एकच, आमचं रगत असं आणि आमचं रगत तसं. ते रक्त कसं आहे ते मी बघितलंय. सांगलीच्या दवाखान्याचा एक माणूस बोटं टोचायला गावात आला, तर अर्धं गाव उसात शिरलं.

तो आला होता माझ्या नातीसाठी. हौसा तिचं नाव. तिचा बाप, माझा लेक मानसिंग, पलटणीत, तिकडं बर्फात. पोर वर्षाची व्हायच्या आतच पांढरीफटक पडली. पोट पुढं, हात काटक्या, ओठाला रंग म्हणून नाही. गावातल्या शहाण्या बायका दारात जमल्या. लोखंडाची पळी लाल करा, ताकात विझवा, ते ताक पोरीला पाजा, रक्त वाढतं. साताऱ्याच्या एका डॉक्टरनं तेच केलं, फक्त बाटलीत घालून दिलं. पोरगी आणखी सुकली. शेवटी सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईनं तिचं रक्त तपासलं आणि ते टॉनिक माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"हिच्या अंगात लोखंड आधीच जास्त साठणार आहे," बाई म्हणाली. "हिचं स्वतःचं रक्त तयार होतं पण टिकत नाही. थॅलेसेमिया म्हणतात याला. दर महिन्याला बाहेरून रक्त द्यावं लागेल."

"किती महिने?"

"मोजू नका, आजी."

मी मोजलं नाही. मोजायला मी काय सावकार आहे?

बाईनं आणखी एक सांगितलं. या रोगाचा अर्धा वाटा आईकडून येतो, अर्धा बापाकडून. ज्याच्याकडं अर्धाच आहे तो धडधाकट फिरतो, त्याला पत्ता लागत नाही. हे मी गावात येऊन सांगितलं, तर लोकांनी त्यातला आईचा अर्धा तेवढा उचलला. रंगू पांढऱ्या पायाची, रंगूनं घरात रोग आणला. रंगू माझी सून, आणि माझ्या सख्ख्या भावाची लेक. आमच्यात मामाची पोरगी करतात, तशी मी करून आणलेली. मी पाणवठ्यावर उभी राहिले आणि म्हटलं, "रंगूत जे हाय ते माझ्या माहेरचं, आणि मानसिंगात जे हाय ते बी माझ्यातनंच गेलेलं. ज्याला बोलायचं त्यानं बनुबाईला बोलावं." कुणी बोललं नाही. तेवढी छाती गावात नाही, ते वर सांगितलंच.

आता रक्त आणायचं कुठून. दवाखान्याच्या फाटकाशी झाडाखाली काही माणसं बसलेली असत, आज एका नावानं बाटली देत, उद्या दुसऱ्या. बाई म्हणाली, त्यांचं घेऊ नका. त्यांच्या रक्तातून दुसरं काय पोरीत जाईल ते सांगता येत नाही. घरचा, ओळखीचा, निरोगी माणूस आणा, आणि एकाच माणसाला सारखा आणू नका. मानसिंग बर्फात. रंगूचं नी माझं घेणार नाही म्हणाली. रंगूच्याच अंगात रक्त कमी, आणि मी म्हातारी.

मग मी गावात पैरा धरला.

पैरा कुणब्याच्या पोराला शिकवावा लागत नाही. आज तू बैल घेऊन माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या रानात येतो. माझी खिलार जोडी त्या साली आख्ख्या पंचक्रोशीत एक नंबर होती. मी मारुतीच्या कट्ट्यावर सांगितलं, ज्याच्या घरचा माणूस माझ्या नातीला रक्त देईल त्याच्या रानात माझी खिलारं नांगराला दोन दिवस. विकत नव्हते घेत मी. पैरा तो पैरा.

जोडीकडं बघून जीभ सुटली सगळ्यांची. त्यात सगळ्यात मोठी लालासाहेबाची. साठ बिघे ऊस, दाराला जीपगाडी, डोक्याला फेटा, आणि सांगलीपासून फलटणपर्यंत कुस्तीचं मैदान कुठंही असो, खुर्ची यांना. उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का, एक बाटली काय मागता? लालासाहेबाचं रगत पाटानं सोडतो."

"पाट राहू द्या," मी म्हटलं. "बोट टोचून घ्या आदी."

टोचून घेतलं. तोंड भिंतीकडं करून. रक्त जुळलं. उसात न शिरलेल्यांपैकी आणखी काहींचं जुळलं. घमेलं धरून उभा राहिलेला लालासाहेबाचा सालगडी जोतीराम, त्यानंही गमतीनं बोट पुढं केलं, त्याचंही जुळलं. आणि बांगड्या भरायला आलेली सुगराबी मध्ये घुसली. सुगराबी म्हणजे उंब्रजची बांगडीवाली, अंगानं गाडीच्या कण्यासारखी, जिभेनं माझ्याहून वाईट.

"माझं बी बघा की. कसलं हाय कळू तरी द्या."

तिचंही जुळलं. पुरुष हसले. एकजण म्हणाला, "तुझा पैरा कसा फेडायचा गं? तुला ना रान ना बैल. आन् बाईमाणसाचं रगत कुठं चालतंय." दवाखान्याचा माणूस चालतं म्हणत होता, पण त्याला मिशा नव्हत्या, त्यामुळं त्याचं कुणी ऐकलं नाही. सुगराबीनं टोपली उचलली आणि म्हणाली, "नगं तर नगं. बोट फुकट टोचलं."

मग सुरू झालं. पहिल्या खेपेला आकाराम पैलवान आला. बाटली भरून झाली तर ढसाढसा रडला, म्हणे आता माझा जोर गेला. दुसरा उपास आहे म्हणून घरी बसला, त्या उपासाचं नाव गावात कुणी ऐकलं नव्हतं. तिसऱ्याच्या बायकोनं दारात आडवी पडून नवरा वाचवला. तरी कुणाला लाजवून, कुणाला ओढून मी गाडा रेटला. खिलारं राबली. हौसा चालायला लागली, बोलायला लागली. रक्त चढलं की चार-सहा दिवस गालावर लाली, मग हळूहळू उतरायची, आणि महिना सरता सरता पोर भिंतीला टेकून बसायची. सुगराबी सांगलीला माल घ्यायला आली की दवाखान्यात डोकावायची, हौसाच्या मनगटाला बांगडी लावून बघायची आणि सांगायची, गेल्या टायमापेक्षा भरलंय की उतरलंय. डॉक्टरीणबाईचा काटा आणि सुगराबीची बांगडी, दोन्हींचं एकच निघायचं.

असं करत लालासाहेबाची खेप आली.

त्या महिन्यात हौसा फारच उतरली होती. मधे ताप येऊन गेलेला. यष्टीत रंगूच्या मांडीवर पडली ती सांगली येईस्तोवर मान वर केली नाही. ओठ राखेसारखे. लालासाहेबाचं सांगलीत त्याच दिवशी मैदान होतं, तो म्हणाला होता, "मी जीपनं परभारं येतो, आक्का. तुमी म्होरं व्हा."

बाईनं हौसाला बघितलं आणि तोंड गंभीर केलं. "आज संध्याकाळच्या आत रक्त चढलं पाहिजे. माणूस आलाय ना?"

"आला आसंल की," मी म्हटलं आणि बाकावर बसले. तेवढ्यात आतल्या खोलीतून कंपाउंडर ओरडला, "लालासाहेब, उठू नका एकदम. चहा घ्या आधी."

मला बरं वाटलं. म्हटलं, आला बाई. दारातून वाकून बघितलं, तर खाटेवर बसून बशीतून चहा ओढत होता जोतीराम.

"जोत्या, तू हितं काय करतोस?"

"मालकाचा पैरा हाय नव्हं, आक्का. मालक मैदानात. मला धाडलं." जोतीराम हसला. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं काय चुकलं? लालासाहेबाच्या पैऱ्याला कधी लालासाहेब गेलाय? नांगराला जोतीराम, मळणीला जोतीराम, मयताच्या लाकडाला जोतीराम. मालक कट्ट्यावर कबूल करतो, गडी राबून येतो. रक्तही यानं त्याच कासऱ्याला बांधलं.

मी म्हणणार होते, असो, रक्ताला काय मालक आणि काय गडी. तोंडावर आलं होतं. पण तो चहाला वाकला आणि सदऱ्याच्या गळ्यातून एक माळ बाहेर लोंबली. सुतात ओवलेल्या मुळीच्या काड्या. आमच्याकडं कावीळ झाली की ही माळ गळ्यात घालतात, कावीळ उतरेल तशी माळ लांबते म्हणतात, आणि गुडघ्याशी आली की सोडतात. त्याची बेंबीपर्यंतच आली होती.

"ही कवाची रं?"

"पोळ्याच्या वक्ताची. आता बरं हाय मला. डोळं बी पांढरं झाल्यात, बघा की."

"हितं तुला कुणी इचारलं न्हाई, कावीळ झालती का म्हनून?"

"इचारलं. मालकानं सांगून धाडलेलं, काय बी इचारलं तर न्हाई म्हन, आन् नाव माझं सांग."

मी बाईच्या खोलीत गेले. बाटली भरून टेबलावर होती, काचेची, गर्द लाल, अजून कोमट असेल. बाहेर माझी नात राखेच्या रंगाची पडलेली. मी म्हटलं, "ही लावायची न्हाई. ज्याचं हाय त्याला कावीळ झालीय, आन् तो लालासाहेब बी न्हवं."

बाईनं जोतीरामचे डोळे खाली ओढून बघितले, पोट दाबलं, त्याला रागावली नाही. बाटलीवर काट मारली. रंगूनं माझा पदर धरला. "आत्या, आवं एवढी लावू द्या. पोरगी डोळं उघडंना. पुढचं पुढं बघू."

"पुढचं कुणी बघायचं? तिच्या आंगात आधीच एक आजार हाय. आनी एक बाटलीतनं घालू?"

रंगूनं पदर सोडला. बाई म्हणाली, "आजींनी बरोबर केलं. पण मला संध्याकाळपर्यंत दुसरी बाटली पाहिजे."

मी जोतीरामला उठवला, टांगा केला आणि मैदानावर गेले.

हजारो माणूस. हलगी वाजतेय, धूळ उडतेय, कर्ण्यावरून लालासाहेबाचा आवाज. "पैलवान मंडळी, ह्या मातीतल्या रगताची जातच येगळी हाय. येळ आली तर शेवटचा थेंब." मी माणसांतून शिरले. मैदानात बाईमाणूस आलं म्हणून लोकांनी वाट दिली, बहुतेक त्यांना वाटलं कुणाची तरी आई वारली. स्टेजवर चढले, आणि माइकचा दांडा धरला.

"लालासाहेब, तुमचा पैरा राहिलाय."

कर्ण्यावरून ते अख्ख्या मैदानाला गेलं. हलगी थांबली.

तो हसला. दात सगळे दाखवले. "आक्का, माणूस धाडलाय की मी."

"धाडलात. त्याच्या गळ्यात काविळीची माळ हाय. लंगडा बैल धाडला असता तर मी वळवून हाकलला असता. रगत कसं हाकलू?"

"आवं, मैदान झालं की येतो."

"आता म्हनालात, शेवटचा थेंब. पैला द्या. शेवटच्याचं शेवटी बघू."

मैदान असं हसलं की दोन्ही पैलवान डाव सोडून हसायला लागले. लालासाहेब उठला. फेटा सावरला, कुणीतरी त्याच्या नावानं शिट्टी घातली, आणि तो जीपकडं असा चालला जसा वळू नवीन दावणीला चालतो.

दवाखान्यात त्यानं दंडाला सुई लागायच्या आधी डोळे मिटले आणि उघडले नाहीत. बाईनं आधी थोडंसंच घेतलं, तपासायला. म्हणाली, बसा. तो बाकावर बसला आणि मला ऐकू जाईल एवढ्यानं पुटपुटला, "चार लोकांत इज्जत घालवली माझी."

"पोरीचा जीव राहिला तर परत आणून देते."

बराच वेळ गेला. मग बाईनं त्याला व्हरांड्यात बाजूला बोलावलं. मी नळावर हौसाचा रुमाल भिजवत होते. त्यांना वाटलं, म्हातारीला कमी ऐकू येतं. म्हातारीला जे ऐकू यायला पाहिजे ते येतं.

"तुमचं रक्त घेता येणार नाही," बाई म्हणाली. "तुम्हाला स्वतःलाच सुयांची गरज आहे. आठवड्याभरात या. आणि मालकिणीलाही घेऊन या. त्यांनाही तपासावं लागेल."

त्याचा चेहरा जोतीरामपेक्षा पिवळा झाला.

मी चौथीसुद्धा पुरी केली नाही. पण कुठल्या रोगाला नवऱ्याबरोबर बायको तपासतात हे कळायला शाळा लागत नाही. लालासाहेबाची बायको विजयमाला. दर दोन वर्षांनी तिची ओटी भरायची, आणि दरवेळी पोर मेलेलं जन्मायचं. तिला गावानं काय काय नावं ठेवली. हळदीकुंकवाला बोलवायचे नाहीत. लालासाहेब स्वतः चावडीवर बसून सुस्कारे सोडायचा, माझ्या रगतात खोट न्हाई, बियाणं एक नंबर, जमीनच खराब. आणि गाव माना डोलवायचं. आणि हा कुठल्या कुठल्या मैदानाच्या रात्री कुठं कुठं उतरायचा तेही गावाला ठाऊक होतं, पण ते मर्दाला शोभतं म्हणे.

तो जीपकडं निघाला होता. मी बॉनेटला हात लावून उभी राहिले.

"लालासाहेब, परवा दिशी विजयमालाला हितं आणायची."

"आक्का, हे तुमी..."

"मी काय ऐकलं न्हाई. ऐकलं असतं तर मैदानातला कर्ना अजून गरम हाय."

त्यानं फेटा काढून बॉनेटवर ठेवला. मग म्हणाला, "आणतो."

"ती हितनं परत घरी आली की तिच्या म्होरं जमीन आन् बियाणं काढायचं न्हाई. तिच्याम्होरं न्हाई, चावडीवर बी न्हाई."

"न्हाई काढत."

"आन् तुमचा पैरा अजून तसाच हाय. रगत तुमचं कुत्रं बी घेणार न्हाई. मग जीप द्यायची. दर महिन्याला, पोरीची खेप आली की दारात. ती बिचारी यष्टीत मान टाकून येती."

"आन् तुमी...?"

"मला कमी ऐकू येतं," मी म्हटलं.

हे सगळं झालं, पण बाटली काही भरली नव्हती. उन्हं कलत होती. मी परत खाटेशी गेले तर सुगराबी बसलेली, टोपली पायाशी, हौसाचं मनगट हातात. माल घेऊन यष्टीला निघालेली, वाटेत डोकावलेली.

"आक्का, सगळ्यात बारकं माप बी ढिलं हुतंय," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या जिभेत धार नव्हती. रंगूनं तिला सगळं सांगितलेलं होतं.

मी काही बोलायच्या आत तिनं दंडावरची बाही वर सरकवली. "माझं जुळलेलं हाय. टोचून ठेवलंय कवाचं."

"तुला कावीळ?"

"न्हाई."

"दुसरं काय?"

"नवरा सोळा वर्सं झाली गेला, आन् होता तवा बी गुणाचा होता. तपासू दे बाईला. तुमाला काय तपासायचं ते तपासा."

बाईनं तपासलं. सगळं, जेवढं तपासायचं तेवढं. चांगलं निघालं. सुगराबी खाटेवर पडली, सुई टोचली तेव्हा छताकडं बघून म्हणाली, "यापरीस नवरीला चुडा भरताना जास्त टोचतं." बाटली भरली. जोतीराम कोपऱ्यात उभा राहून बघत होता, त्याचीही मान खाली. त्याला बाईनं औषध लिहून दिलं आणि माळेचं काही बोलली नाही. शहाणी बाई.

थेंब थेंब उतरायला लागला. बाईनं सांगितलेलं, सावकाश, आणि पोरीला थंडी वाजली की लगेच हाक मारा. रंगू थेंबाकडं बघत राहिली, मी पोरीच्या ओठाकडं. थंडी वाजली नाही. दिवे लागायच्या सुमाराला ओठाच्या कडेला रंग आला, आणि हौसानं डोळे उघडून पहिलं काय म्हटलं, तर "हिरव्या पायजेत."

"बघा," सुगराबी म्हणाली. "चढलं न्हाई तवर बांगड्या मागाय लागली."

"तुझ्या रगतानं ती टोपली घेऊन दारोदार फिराय लागली तर तुला सोडायची न्हाई मी."

"मग तुमच्या घरात एकजण तरी मिळवती हुईल की."

मी तिला विचारलं, "तुझा पैरा कसा फेडू? तुला ना रान ना बैल."

तिनं विचार केला. "मला जीपमधी म्होरं बसवा."

रंगू पोरीजवळ राहिली. आम्ही निघालो. लालासाहेबच चालवत होता. पुढं सुगराबी, मांडीवर बांगड्यांची टोपली, मागं मी आणि जोतीराम. गावात शिरलो तर चावडीवर सगळ्या मिशा जागच्या जागी. लोकांनी विचारलं, "काय लालासाहेब, दिलं का रगत?"

त्यानं नुसता हॉर्न दाबला. मीच म्हटलं, "पैरा फिटला त्यांचा."

तेव्हापासून महिन्याच्या महिन्याला जीप माझ्या दारात उभी. विजयमालाही मधून मधून बसायची, सुया घ्यायला. तिच्या तोंडावर रंग आला, कुठून आला ते गावाला कळलं नाही. रक्ताला कधी आकाराम, कधी दुसरा कुणी, आणि ज्याला त्या दिवशी उपास असेल त्याच्या वाटचं सुगराबी. बाई तिला मधे महिने सोडायला लावायची, नाहीतर तिनं सगळ्यांचेच उपास फेडले असते. गाव अजून म्हणतं, लालासाहेबासारखा दानशूर माणूस होणे नाही, परक्याच्या पोरीसाठी स्वतःचं पेट्रोल जाळतो.

म्हणू दे. गावाला तेवढंच कळतं. माझ्या पोरीला जीप मिळते.